वडिलांना युद्धावर धाडणारी मुलगी

जानेवारी १८६३. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा दुसरा हिवाळा. वॉशिंग्टनला लागून असलेल्या जॉर्जटाउनमध्ये एका जुन्या हॉटेलचं घाईघाईनं लष्करी इस्पितळ केलं होतं. नाव मात्र हॉटेलाचंच राहिलं होतं, युनियन हॉटेल. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत हातपाय गमावलेले सैनिक तिथल्या थंड, ओलसर खोल्यांमध्ये दाटीवाटीनं पडले होते. त्यांची शुश्रूषा करायला आलेली तीस वर्षांची एक परिचारिका महिनाभरातच विषमज्वर आणि न्यूमोनियानं स्वतः अंथरुणाला खिळली. इस्पितळाच्या मुख्य परिचारिका हॅना रोप्स याही त्याच तापानं आजारी पडल्या आणि त्याच महिन्यात वारल्या. काँकर्ड या मॅसॅच्युसेट्समधल्या गावी तार गेली. त्रेसष्ट वर्षांचे वडील आगगाडीनं वॉशिंग्टनला आले आणि मुलीला घेऊन घरी परतले. पुढचे तीन आठवडे ती भ्रमात होती. तापात तिचे लांबसडक केस कापून टाकावे लागले.

ती मुलगी म्हणजे लुईसा मे अल्कॉट. ज्यांनी 'लिटिल वुमेन' वाचली आहे, किंवा शांता शेळके यांनी केलेला 'चौघीजणी' हा तिचा मराठी अनुवाद लहानपणी हाती धरला आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल आणि काहीतरी उलटंपालटं झाल्यासारखंही वाटेल. कादंबरीत युद्धावर जातात ते वडील. आजारी पडतात तेही वडीलच. तार येते ती मार्चबाईंच्या घरी, आणि वॉशिंग्टनची वाट धरते ती आई. जो नावाची दुसरी मुलगी आपले केस कापते खरी, पण ते विकायला. त्या पंचवीस डॉलरांत आईच्या प्रवासखर्चाला हातभार लागावा म्हणून.

पाच वर्षांनी लिहायला बसताना लुईसानं स्वतःचं युद्ध वडिलांना देऊन टाकलं. मला ही या पुस्तकामागची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वडील घरात असते, तर ही कादंबरी लिहिताच आली नसती. ते का, हे समजायला या वडिलांपासूनच सुरुवात करायला हवी.

एमस ब्रॉन्सन अल्कॉट हे कनेटिकटमधल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. शिक्षण बहुतेक स्वतःच्या बळावर घेतलेलं, तरुणपणी दक्षिणेत फेरीवाल्याचा धंदा केलेला. पण माणूस विलक्षण. १८३४ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये टेंपल स्कूल काढलं. मुलांना पाठांतराला जुंपायचं नाही, प्रश्न विचारून बोलतं करायचं, ही त्यांची रीत. छडी त्यांना नको होती. एखाद्या मुलानं फारच आगळीक केली, तर ते स्वतःचा हात पुढं करत आणि त्या मुलालाच त्यावर मारायला लावत. गुरूला मारताना मुलाला रडू कोसळे. बायबलमधल्या शुभवर्तमानांवर मुलांशी झालेले संवाद त्यांनी पुस्तकरूपानं छापले. त्यात माणसाच्या जन्माविषयीही बोलणं होतं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली, पालकांनी मुलं काढून घेतली. नंतरच्या लहानशा शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. तिला काढा, असं उरलेल्या पालकांनी सांगितलं. त्यांनी काढलं नाही, आणि तीही शाळा संपली.

इथवर या माणसापुढं हात जोडावेसे वाटतात. पुढची गोष्ट अवघड आहे. जून १८४३ मध्ये चार्ल्स लेन या इंग्रज मित्राबरोबर ब्रॉन्सननी हार्वर्ड गावाजवळ 'फ्रूटलँड्स' नावाची वसाहत वसवली. मांस, मासे, दूध, अंडी, लोणी सगळं वर्ज्य. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून नको, लोकर मेंढीची म्हणून नको; अंगावर फक्त लिननचे कपडे. जनावरांना नांगराला जुंपायचं नाही, असाही नेम. तत्त्वं उदात्त होती, पण पीक काढायच्या दिवसांत पुरुषमंडळी व्याख्यानांना आणि चर्चांना निघून जात, आणि शेत, स्वयंपाक, धुणं, चार मुली हे सगळं त्यांच्या पत्नी ॲबिगेल अल्कॉट या एकट्या बाईवर पडे. थंडी आली तेव्हा कोठारात फारसं काही नव्हतं. लेनचं म्हणणं पडलं की कुटुंब हीच उच्च जीवनातली अडचण आहे. दहा-अकरा वर्षांच्या लुईसानं त्या दिवसांत रोजनिशी ठेवली होती. आईवडील वेगळे होणार की काय या भीतीनं आपण बहिणी रडलो, असं तिनं त्यात लिहून ठेवलं आहे. अखेर ॲबिगेलनं ठाम भूमिका घेतली आणि जानेवारी १८४४ मध्ये मुलींना घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. स्वप्न मोडलं म्हणून ब्रॉन्सन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, अन्न घेईनात. त्यातून ते उठले, बायकोमुलांबरोबर निघालेही, पण नियमित कमाई त्यांना त्यानंतरही फारशी जमली नाही. १८५४ च्या फेब्रुवारीत ते पश्चिमेकडच्या व्याख्यानदौऱ्यावरून परतले तेव्हा खिशात एक डॉलर होता. बायकोनं त्यांना जवळ घेऊन, छान केलंत, असंच म्हटलं. लुईसा हे पाहत होती.

तेव्हा घर चालवलं कुणी? बायकांनी. ॲबिगेल बॉस्टनमध्ये गरीब वस्त्यांत मदतकार्य करण्याची पगारी नोकरी करू लागली. पुढं मुलींना घरकामाच्या नोकऱ्या मिळवून देणारं कार्यालयही तिनं चालवलं. थोरली ॲना शिकवण्या करू लागली. लुईसानं शिवणकाम केलं, शाळा चालवली, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास डेडहॅम गावी एका घरात मोलकरीण म्हणूनही राहिली. सात आठवडे राबल्यावर हाती चार डॉलर पडले. तिनं या अनुभवावर पुढं लेख लिहिला. बॉस्टनचे नामांकित प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी तिला सल्ला दिला होता, की लिहिणं तुझं काम नाही, शिकवणंच बरं. आणि शाळेसाठी चाळीस डॉलर उसनेही दिले होते. नाव झाल्यावर तिनं ते आठवणीनं परत केले. १८५४ च्या अखेरीस आलेल्या 'फ्लॉवर फेबल्स' या तिच्या पहिल्या पुस्तकाचे बत्तीस डॉलर मिळाले. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे, कारण लुईसा स्वतः ते वर्षाच्या शेवटी रोजनिशीत मांडत असे: कोणत्या गोष्टीचे किती, शिवणाचे किती, आईला किती, धाकट्या बहिणीच्या, मेच्या, शिकवणीला किती.

या सगळ्या हलाखीत सुखाचा एक तुकडा होता. १८४५ मध्ये ॲबिगेलच्या वारशाच्या पैशांत आणि विचारवंत स्नेही इमर्सन यांनी दिलेल्या पाचशे डॉलरांत काँकर्डला एक घर घेतलं. त्याचं नाव हिलसाइड. पुढं हेच घर कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी विकत घेतलं. तिथं लुईसाला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. चौघी बहिणी कोठारात नाटकं करत. ॲना आणि लुईसा राजे, राक्षस, चेटकिणी, विरहिणी सगळं आलटून पालटून होत. घरच्या घरी वर्तमानपत्र काढत. निसर्गप्रेमी लेखक थोरोबरोबर रानात हिंडत आणि इमर्सनच्या ग्रंथसंग्रहातून पुस्तकं आणत. १८४७ मध्ये पळून आलेला एक गुलाम या घरात लपवून ठेवला होता. कादंबरीतलं बालपण खरं म्हणजे इथलं, जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचं. १८४८ मध्ये पैशांअभावी हे घर सोडून सगळे बॉस्टनला गेले.

म्हणजे यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा अल्कॉटच्या घरात लहान मुलगी कुणीच नव्हती. सगळ्यांत धाकटी मे वीस वर्षांची होती. ॲनाचं मे १८६० मध्ये जॉन प्रॅटशी लग्न झालेलं. आणि तिसरी, एलिझाबेथ, जगात नव्हती. १८५६ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या वॉलपोल गावी आई एका गरीब कुटुंबाला मदत करत होती. त्या घरातला लाल ताप एलिझाबेथ आणि मे या दोघींना लागला. मे बरी झाली. एलिझाबेथ वरकरणी उठली, पण दोन वर्षं झिजत गेली. १४ मार्च १८५८ रोजी, बावीस वर्षांची असताना, ती काँकर्डला वारली. लुईसानं अनेक रात्री तिच्या उशाशी जागून काढल्या होत्या. प्राण गेल्यावर देहातून धुक्याची एक हलकी रेघ वर गेलेली आपल्याला आणि आईला दिसली, असं तिनं नोंदवलं आहे. खांदा द्यायला इमर्सन आणि थोरो होते.

कादंबरीतली वर्षं युद्धाची आहेत आणि एलिझाबेथवरून उभी केलेली बेथ तेव्हा तेरा वर्षांची आहे, पियानोपाशी बसते आहे, मांजरांची पिलं सांभाळते आहे. हिलसाइडचं बालपण उचलून युद्धकाळात ठेवताना लुईसानं वारलेल्या बहिणीला आणखी काही वर्षं आयुष्य दिलं. पुस्तकाच्या पहिल्या भागात बेथ लाल तापातून वाचतेसुद्धा. वाचक म्हणून आपण त्या पानावर सुटकेचा श्वास सोडतो. लिहिणारीला त्या पानाची काय किंमत पडली असेल, याचा विचार केला की गलबलून येतं.

आता १८६७ कडे येऊ. इस्पितळातल्या पत्रांवरून केलेल्या 'हॉस्पिटल स्केचेस'नं लुईसाचं थोडं नाव झालं होतं. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध तिला तापात भरपूर दिलं होतं आणि त्यानंतर तिची तब्येत कधीच पुरती सुधारली नाही. ती दोष पाऱ्याला देई; अलीकडच्या काही डॉक्टरांना तिच्या लक्षणांत ल्युपस दिसतो. दुखत्या अंगानं ती कथा लिहीत होती. त्यातल्या पुष्कळशा सूडाच्या, वेषांतराच्या, अफूच्या आणि कपटी सुंदरींच्या, ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं किंवा बिननावी छापलेल्या. एका कथेला शंभर डॉलरांचं बक्षीसही मिळालं होतं. कादंबरीत जोलाही असंच शंभर डॉलरांचं बक्षीस मिळतं आणि ती त्यातून आईला व बेथला समुद्रकाठी पाठवते. पुढं जो असल्या कथा जाळून टाकते. लुईसानं मात्र घराला पैसे हवे होते तोवर त्या लिहिल्या. बर्नार्ड हे टोपणनाव १९४३ मध्ये लिओना रोस्टेनबर्ग यांनी उजेडात आणलं, तोवर जगाला त्याचा पत्ता नव्हता.

सप्टेंबर १८६७ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचे टॉमस नाइल्स यांनी तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. मुलांसाठी साहसकथांचा बाजार जोरात होता, मुलींसाठी तसं काही नाही, हे नाइल्सनी ओळखलं होतं. लुईसानं प्रयत्न केला, मन लागलं नाही. सोडून दिलं. मे १८६८ मध्ये ब्रॉन्सन आपल्या तत्त्वचिंतनपर पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन नाइल्सकडे गेले. नाइल्सनी पुन्हा मुलीच्या पुस्तकाचा विषय काढला. वडिलांचं 'टॅब्लेट्स' छापलं जावं ही लुईसाची इच्छा होती, आणि मुलीनं लिहावं ही वडिलांची. अशा रीतीनं ती बसली. मुली आपल्याला कधी फारशा आवडल्या नाहीत, बहिणींखेरीज कुणाला जवळून पाहिलंही नाही, अशी कुरकुर तिनं रोजनिशीत केली. आणि मग ज्यांना पाहिलं होतं त्यांच्यावरच लिहायला घेतलं.

ती लिहीत होती काँकर्डच्या ऑर्चर्ड हाउसमध्ये. हे घर ब्रॉन्सननी १८५७ मध्ये ९४५ डॉलरना घेतलं होतं आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं होतं. लुईसाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला लावलेली अर्धगोल फळी आहे. तेच तिचं लिहायचं मेज, वडिलांनी बनवलेलं. शिक्षित बायकांनाही घरात स्वतःची लिहायची जागा क्वचितच मिळे, त्या काळात या माणसानं मुलीला मेज करून दिलं. पोट भरता आलं नाही त्यांना, पण हे त्यांच्या नावावर जमा करायलाच हवं.

जूनमध्ये पहिली बारा प्रकरणं गेली. नाइल्सना ती कंटाळवाणी वाटली. लुईसालाही वाटली. पण नाइल्सनी ती आपल्या भाचीला वाचायला दिली आणि ती मुलगी त्यात रमून गेली. मग लुईसा थांबली नाही. १५ जुलैला ४०२ पानांचं हस्तलिखित पुरं झालं. चित्रं धाकट्या मेनं काढली होती. ती कच्ची होती आणि समीक्षकांनी तसं म्हटलंही. पण या पुस्तकावर बहिणीचा हात असणं मला योग्यच वाटतं. मे पुढं पॅरिसला शिकली, १८७७ च्या सलोन प्रदर्शनात तिचं चित्र निवडलं गेलं. तो खर्च याच पुस्तकाच्या कमाईतून झाला.

३० सप्टेंबर १८६८ च्या सुमारास 'लिटिल वुमेन' बाजारात आली. दोन हजारांची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. नाइल्सनी तिला आधीच सल्ला दिला होता, की एकरकमी पैसे घेऊन मोकळी होऊ नकोस, हक्क स्वतःकडे ठेव आणि विक्रीवर टक्केवारी घे. तिनं ऐकलं. ज्या घरात वर्षानुवर्षं पै-पैचा हिशेब झाला होता, त्या घरासाठी ही एक सही निर्णायक ठरली.

मग पत्रं येऊ लागली. मुलींची पत्रं, आणि त्यांत एकच प्रश्न: कुणाचं लग्न कुणाशी होणार? जो आणि तिच्या शेजारच्या लॉरीचं व्हायलाच हवं! लुईसा वैतागली. बायकांच्या आयुष्याचं लग्न हेच एकमेव उद्दिष्ट आहे की काय, असं तिनं लिहून ठेवलं, आणि कुणालाही खूश करण्यासाठी आपण जोचं लॉरीशी लग्न लावणार नाही, असंही. १ नोव्हेंबरला तिनं दुसरा भाग सुरू केला. रोज एक प्रकरण असा बेत होता. २९ नोव्हेंबर हा तिचा वाढदिवस. योगायोगानं वडिलांचाही तोच. त्या दिवशी छत्तीस वर्षांची लुईसा एकटीच लिहीत बसली होती. भेट आली ती एकच: वडिलांचं नुकतंच छापून आलेलं 'टॅब्लेट्स'. १ जानेवारी १८६९ ला भाग संपला, एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला.

जोनं अविवाहित लेखिका म्हणून राहावं, ही लुईसाची खरी इच्छा. तसं तिनं मैत्रिणीला पत्रात कळवलं. पण वाचक आणि प्रकाशक ते चालू देईनात. तेव्हा तिनं एक वेगळाच नवरा उभा केला: चाळिशीला टेकलेला, गरीब, ठिगळं लावलेल्या कपड्यांतला जर्मन शिक्षक, प्राध्यापक बेअर. कितीतरी वाचकांना तो आजही पचत नाही. मला मात्र या निवडीत हट्टाच्याही पलीकडचं काही दिसतं. जो आणि बेअर प्लमफील्डला मुलांची शाळा काढतात. १८७१ च्या 'लिटिल मेन'मध्ये बेअर एका खोटं बोलणाऱ्या मुलासमोर स्वतःचा हात धरतात आणि त्यालाच छडी मारायला लावतात. टेंपल स्कूलचाच तो प्रसंग. बॉस्टननं बंद पाडलेली वडिलांची शाळा मुलीनं कादंबरीत उघडली, आणि या खेपेला ती चालली, कारण हिशेब जोच्या हातात होता. पहिल्या भागात ज्यांना दूर युद्धावर धाडावं लागलं, त्यांच्यातलं जे सोनं होतं ते तिनं असं परत घरात आणलं.

खऱ्या घरात १८६९ साली सगळी जुनी देणी फिटली. आईसाठी उबदार खोली, आराम, गडीमाणसं. नोव्हेंबर १८७० मध्ये ॲनाचा नवरा वारला. 'लिटिल मेन' लुईसानं त्याच्या दोन पोरक्या मुलांच्या भविष्यासाठी लिहिली. पुढं ॲनासाठी काँकर्डमध्ये घर घेतलं. आई १८७७ मध्ये गेली. मेनं १८७८ मध्ये एका स्विस तरुणाशी लग्न केलं, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस, मुलगी झाल्यावर काही आठवड्यांतच, तीही गेली. ती तान्ही मुलगी, मावशीचंच नाव दिलेली, १८८० मध्ये जहाजानं बॉस्टनला आली आणि लुईसानं तिला वाढवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये काँकर्डच्या शाळा समितीच्या निवडणुकीत वीस बायकांनी मत दिलं. त्या गावात मतदार म्हणून पहिलं नाव नोंदवणारी बाई लुईसाच होती.

लिहून लिहून उजव्या हाताचा अंगठा बधिर झाला, तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली. तब्येत ढासळत होती, आणि १८८७ मध्ये तिच्यापुढं कायद्याचा प्रश्न उभा राहिला. ग्रंथहक्काची मुदत संपल्यावर त्याचं नूतनीकरण लेखकाला किंवा त्याच्या मागं राहिलेल्या पत्नीला नि मुलांनाच करता येई. लुईसाला नवरा नव्हता, मूल नव्हतं. ती गेल्यावर हक्क कुणाचाच राहिला नसता, आणि ज्या बहिणीचं व भाच्यांचं घर या पुस्तकांच्या जोरावर उभं होतं त्यांचं उत्पन्न थांबलं असतं. म्हणून तिनं ॲनाच्या धाकट्या मुलाला, जॉनला, रीतसर दत्तक घेतलं. तेव्हा तो वयानं मोठा झालेला होता. मृत्युपत्रात तिनं लिहून ठेवलं, की पुस्तकांचे हक्क त्याच्या नावे असतील, पण पैसा त्यानं आई, भाऊ आणि मेच्या मुलीबरोबर वाटून घ्यायचा.

४ मार्च १८८८ ला ब्रॉन्सन वारले. ६ मार्चला, वडिलांच्या मृत्यूची बातमी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच, लुईसाही गेली. जॉन प्रॅट अल्कॉट या नावानं पुढं हक्कांचं नूतनीकरण झालं आणि चौघींच्या पुस्तकाचे पैसे घरात येत राहिले.